कागद बोलंल

माझ्या डोक्याची आजवर दोनच माणसांनी मन लावून तपासणी केली. लहानपणी आईने, उवांसाठी. आणि बी.एस्सी. होऊन नोकरीला लागल्यावर घारेभाऊंनी, तेलासाठी. आईकडे फणी असायची, घारेभाऊंकडे टीपकागद.

आमच्या प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीला एक उंबरा होता. सकाळी नऊला घारेभाऊ त्या उंबऱ्यावर उभे राहत. अंगात सोड्यात उकळलेला पांढरा सदरा, हातांत पांढरे सुती मोजे, खिशात टीपकागदाचे चौकोनी तुकडे. "ताई, मान खाली." मी मान खाली घालायचे. ते माझ्या भांगावर तुकडा दाबायचे, मनाशी पाच अंक मोजायचे आणि मग तो कागद खिडकीच्या उजेडात धरायचे. डाग दिसला की माझी रवानगी व्हरांड्यात. "आज न्हाई जमायचं. उद्या शिकेकाई लावून या."

एकदा मी चिडून विचारलं, "अहो घारेभाऊ, तेल लावलंय की नाही हे हातभरावरून कळतं. त्याला टीपकागद कशाला?"

"वासावर माझा इस्वास न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "कागद बोलंल."

हे त्यांचं पालुपद. पाऊस येणार का, भाजी शिळी आहे का, शेठ आज रागात आहेत का, कशाचंही उत्तर तेच. गंमत अशी की ज्या जागी हे चालायचं, ती जागा वासासाठीच उभारलेली होती.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या अखेरची. आमच्या शेठचा धंदा उदबत्त्यांचे, सरबतांचे आणि साबणाचे अर्क करण्याचा. मुंबईच्या हवेत माणसाचं नाक बिघडतं असं त्यांना कोणीतरी सांगितलं, म्हणून त्यांनी लोणावळ्यात एक जुना बंगला घेऊन त्यात प्रयोगशाळा थाटली. तिथे मी वास घ्यायच्या नोकरीला होते. माझे वडील शाळेत मास्तर. त्यांना लोक विचारायचे, "मुलगी काय करते?" वडील खरं बोलणारे. ते म्हणायचे, "वास घेते." यामुळे माझी दोन स्थळं गेली, असं आईचं ठाम मत होतं.

बंगल्याच्या आतल्या खोलीत शेठनी परदेशातून वापरलेलं एक यंत्र आणून बसवलं होतं. त्याचं नाव लांबलचक होतं आणि ते शेठखेरीज कोणी घेत नसे. घारेभाऊ त्याला 'गाडी' म्हणत, म्हणून आम्हीही गाडीच म्हणायचो. गाडीचं काम तसं सोपं. एखाद्या अर्काचा थेंब सुईने आत सोडायचा. तो तापून वाफ होतो आणि गुंडाळलेल्या लांब नळीतून जायला लागतो. जाताजाता त्यातले वास सुटे होतात आणि पंगतीतून उठणाऱ्या माणसांसारखे एकेक करून बाहेर पडतात, चपळ आधी, जडशीळ मागाहून. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वासाचे दोन वाटे होतात. एक वाटा शेजारच्या पोलादी पेटीत जातो. तिथे त्याचे तुकडे होतात, त्या तुकड्यांचं वजन होतं आणि पेन सरकत्या कागदावर डोंगर काढतं. दुसरा वाटा एका काचेच्या नळीतून बाहेर येतो. त्या नळीशी नाक लावून मी बसायचे आणि मिनिटं पाहून वहीत लिहायचे: चौथं मिनिट, लिंबाची साल, नववं, ओली माती, चौदावं, गुलाब, जरा कोमेजलेला.

ती पोलादी पेटी आतून अगदी रिकामी लागते. हवासुद्धा नको. तो रिकामेपणा सांभाळणं हे घारेभाऊंचं काम.

घारेभाऊ मूळचे पवनेकाठचे. रेल्वेत ते व्हॅक्यूम ब्रेकचे, म्हणजे नळीतली हवा काढून चालणाऱ्या ब्रेकचे, फिटर होते. घाट उतरायच्या आधी गाडीचे ब्रेक तपासायचे, कुठल्या पाइपातून हवा आत शिरतेय ते शोधायचं आणि सांधा बंद करायचा, यात त्यांची पंधरा वर्षं गेली. मग काही दुखापत झाली, रेल्वेच्या डॉक्टरांनी त्यांना नापास केलं आणि शेठनी उचललं. शेठचा हिशेब साधा होता: गाडी तीही रिकामेपणावर चालते, आणि हीही. पदवीवाले दोघंजण जिथे आठवडाभर गळती शोधत बसले होते, तिथे घारेभाऊंनी रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं पोलादावर फिरवलं आणि पाऊण तासात बोट ठेवलं. "हितं." मग स्पिरिटात बुडवलेला कुंचला त्या सांध्यावर लावला, फटीतून स्पिरिट आत शिरलं आणि पेन टुणकन उडालं.

पेटीत काय शिरलंय ते आकड्यांवरून कळतं. पाण्याचा आकडा अठरा. हवेचे अठ्ठावीस आणि बत्तीस. घारेभाऊंनी हे तीन आकडे असे आपलेसे केले की जगाकडे ते त्यांतूनच पाहायला लागले. श्रावणात लोणावळ्याचं धुकं बंगल्यात शिरायचं, जिन्यावरून वर जायचं, कपाटांमागून फिरून पुन्हा खाली यायचं. समोरच्या खुर्चीतला माणूस दिसेनासा व्हायचा. आम्ही सगळे जरा झोपेत असल्यासारखे हिंडायचो. अशा वेळी धुक्यातून घारेभाऊंचा आवाज यायचा, "ताई, आज अठरा लय हाय." बाजारात कोथिंबीरवालीला ते सांगत, "आदी त्यातला अठरा झटक, मंग तोल." ती बिचारी त्यांच्याकडे नुसती बघत राहायची.

एकदा ते आमच्या घरी चहाला आले. आईने नवा कुकर लावला होता, त्याच्या झाकणातून फुसफुस चालली होती. घारेभाऊंनी बशी खाली ठेवली. डोळे मिटले. "मास्तर, सांदा ढिला हाय." त्यांनी तो कुकर उतरवला, खोलला, रबर उलटं बसवलं, पुन्हा लावला आणि शिट्टी होईपर्यंत चहाला हात लावला नाही. वडील म्हणाले, "याला म्हणतात माणूस." आई म्हणाली, "माझा वरणभात दीड तास खोळंबला त्याचं काय?"

खोलीत त्यांचे नियम होते. गजरा नको. विडी ओढून आलेला नको. पेटीतले पत्रे उघड्या हाताने शिवायचे नाहीत, बोटाचा ठसासुद्धा आठ दिवस कागदावर दिसतो. खोलीत पेन्सिल आणायची नाही, आणि गाडीच्या कागदावर माणसाने रेघ मारायची नाही. "जे काय काढायचं ते गाडी काढंल. आपुन काढलं तर ते खोटं."

आणि फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. झाकणाभोवती मेण ओतून त्यांनी तो डबा बंद केला होता. मी एकदा विचारलं, आत काय?

"हाय आपलं एक काम," ते म्हणाले. "लाइन साफ झाली, की करायचं. गाडीनं निसती सरळ रेघ मारली पायजे, ताई. एकदम सपाट. मंग मी त्यो डबा उगडणार."

ही सपाट रेघ हाच घारेभाऊंचा ध्यास. आत काहीच सोडलं नसताना पेनने सरळ चालत राहावं. वर नाही, खाली नाही. रोज सकाळी ते गाडीत नुसती रिकामी सुई टोचत आणि कागदाकडे टक लावून बसत. मी मागून पाहायचे. कागद सरकतोय, पंपाची एकसुरी घरघर चाललीय, खिडकीत धुकं उभं आहे आणि एक माणूस काहीही न घडण्याची वाट पाहतोय. माझाही डोळा लागायचा.

आणि नेमकी तेव्हाच ती पीडा सुरू झाली. श्रावण संपता संपता एके दिवशी रिकाम्या रेघेवर सोळाव्या मिनिटाला एक डोंगर उगवला. मी नळीशी नाक लावलं. कापूर. स्पष्ट, देवळातला कापूर. गाडीनेही वजन करून तेच सांगितलं. आत कोणी कापूर सोडलाच नव्हता! दुसऱ्या दिवशी पुन्हा सोळाव्या मिनिटाला कापूर. तिसऱ्या दिवशी जरा जास्त.

घारेभाऊंनी गाडी खोलली. आतले पत्रे बारीक पुडीने घासले, चार पाण्यांनी धुतले, भट्टीत तापवले, बसवले. कापूर. लांब नळी दोन दिवस तापवत ठेवली. कापूर. मग गाडीवरचा संशय माणसांवर आला. देवळात जाऊन येणाऱ्याला अंघोळ करून या म्हणून परत पाठवायला लागले. सर्दीचं मलम लावून आलेल्या शेठना त्यांनी त्यांच्याच प्रयोगशाळेच्या उंबऱ्यावरून परत फिरवलं. माझा लोकरीचा स्वेटर आईने ट्रंकेत कापूर घालून ठेवलेला, हे कळल्यावर तो जप्त झाला आणि आठवडाभर मी धुक्यात कुडकुडत वास घेतले. रोज सकाळी, मी यायच्या आत, ते गाडीच्या तोंडाची रबरी चकती बदलायला लागले. सुई ज्यातून आत जाते ती ही चकती, बटणाएवढी. पूर्वी आठवड्याला एक लागायची. नव्या चकत्या एका खणात कुलपात असत आणि किल्ली घारेभाऊंच्या गळ्यातल्या दोऱ्याला. रोज नवी कोरी चकती, आणि रोज कापूर.

शेवटी मुंबईहून यंत्रांचे साहेब आले. टाय, बूट आणि डोक्याला चापूनचोपून क्रीम. उंबऱ्यावर घारेभाऊ. "सायेब, मान खाली." साहेब इतके चकित झाले की त्यांनी खरंच मान खाली घातली. टीपकागद उचलला तो काचेसारखा पारदर्शक झालेला. साहेबांनी दिवसभर डोक्याला ओला पंचा बांधून काम केलं. एकदा त्यांनी कागदावर खूण करायला खिशातली पेन्सिल काढली, तर ती घारेभाऊंनी मोज्यातल्या दोन बोटांनी अलगद काढून व्हरांड्यात ठेवून दिली.

पण साहेब हुशार होते. सगळं पाहून ते शेठना म्हणाले, "इथली हवा दमट. यंत्राला मानवत नाही. दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी पुन्हा येतो. तोपर्यंत हा कापूर गेला नाही, तर यंत्र मुंबईच्या कचेरीत हलवू." शेठ हो म्हणाले.

संध्याकाळी मी निघताना पाहिलं तर घारेभाऊ फळीवरचा डबा पुसत उभे होते. मोज्याने, चारी बाजूंनी, हळूहळू.

तो सोमवार दोन दिवसांवर आला. शनिवारची दुपार. टेकड्यांवर सोनकीची पिवळी फुलं आली होती, धुकं आता सकाळपुरतंच यायचं. घारेभाऊ पेटीत हात घालून केसाएवढी तार बसवत होते. ती तार जोडताना हात काढून चालत नाही. आमच्या सोनाबाई मावशी, झाडलोट करणाऱ्या, दारात केर भरत होत्या.

"ताई," घारेभाऊ न वळता म्हणाले, "येवढी किल्ली घ्या मानंतून. खनातली एक चकती काडा. चिमट्यानं."

दोन महिन्यांत त्या खणाला त्यांच्याशिवाय कोणाचा हात लागला नव्हता. मी किल्ली लावली, खण ओढला, आणि एकदम मागे सरले. कापूर! पाच देवळांची आरती एका खणात कोंडली होती. मी चकत्या बाजूला केल्या. खणात अंथरलेला कागद उचलला. खाली चिंधीत बांधलेली मूठभर कापराची पुरचुंडी.

"घारेभाऊ," मी म्हटलं, "चोर सापडला."

सोनाबाई मावशी केरसुणी टाकून आत आल्या. "चोर कसला वं ताई? त्यो म्याच ठिवलाय. भाऊंनीच तर खन पुसाया लावला व्हता श्रावनात. म्हनलं हितं झुरळं रबर खात्यात. भाऊ येवढं जपत्यात, तर आपुन घालावा कापूर."

रबर वास पिऊन घेतं. दोन महिने त्या चकत्या खणात कापूर पीत पडल्या होत्या, आणि घारेभाऊ रोज सकाळी त्यांतली सर्वांत ताजी निवडून गाडीच्या तोंडात बसवत होते. जो उपाय, तोच आजार. मी इतकी हसले की मला टेबल धरावं लागलं.

मावशी हसल्या नाहीत. त्या घारेभाऊंकडे बघत होत्या. "पर भाऊ," त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "तुमी रोज खन उगडत व्हता. तुमाला वास न्हाई आला?"

घारेभाऊंचे हात पेटीतच होते.

"न्हाई मावशी," ते म्हणाले. "मला वास येत न्हाई."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. टीपकागद आठवला. 'वासावर माझा इस्वास न्हाई' आठवलं. मी किती चेष्टा केली होती त्या वाक्याची. लाजच वाटली मला.

तार जोडून झाल्यावर त्यांनी हात बाहेर काढले आणि स्टुलावर बसून सांगितलं. सांगतानाही ते आमच्याकडे बघत नव्हते, कागदाच्या रिकाम्या रिळाकडे बघत होते.

"घाटात गाडी हुबी व्हती. दोन डब्यांच्या मधला पाइप निसाटला व्हता. मी वाकलो आन् पाय सरकला. डोकं रुळावर. आठ दिस दवाखान्यात. उटलो तवा हात, पाय, डोळं समदं जागच्या जागी. म्हनलं, वाचलो. घरी आलो, आई भाकर टाकत व्हती. भाकरीला वासच न्हाई. मला वाटलं, आईचंच कायतरी चुकलं."

मावशी खाली टेकल्या.

"त्याच साली आमच्या गावाची शेवटची सुगी. पुढल्या साली धरनाचं पानी चढनार, समद्यांला ठाव. आमचं खाचर नदीच्या अंगाला. आंबेमोहर. शिजला की वरल्या आळीला कळायचं, घाऱ्यांकडं आज भात हाय. आईनं त्या सुगीचा पयला भात केला. पान वाडलं. म्हनली, 'गनपा, वास आला का रं?' आता काय सांगू तिला? एक तर जमीन चालली. मी म्हनलो, 'आला.' लय हासली. फुडं पानी चढलं. त्याच्या फुडल्या साली आई ग्येली."

ते उठले आणि फळीवरचा डबा खाली घेतला.

"ह्यो त्याच सुगीचा भात. सालीसकट ठिवलाय. सालीत वास टिकतो म्हनत्यात, पर किती वरसं? ह्या गाडीवर काम लागलं तवाच मी ठरिवलं. लाइन साफ झाली, का ह्यो लावायचा. कागदावर डोंगर आला, बारका का आसंना, तर मी आईला म्हनलो ते खरं झालं. न्हाई आला तर ते खोटं." मग म्हणाले, "सोमवारी गाडी जाईल का ऱ्हाईल, ठाव न्हाई. उद्या ऐतवार हाय, ताई. याल का?"

सोमवारचं इथेच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला नको. साहेब आले, सपाट रेघ पाहून गेले आणि गाडी लोणावळ्यातच राहिली. पण हे आम्हाला रविवारी माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी सोनाबाई मावशींनी तो भात उखळात सडला. घारेभाऊंनी तो काचेच्या चंबूत शिजवला, वाफ थंड करून धरली, तिच्या पाण्यातला वास ईथर या झटकन उडणाऱ्या द्रवात उतरवला आणि तो ईथर आटवत आटवत सुईभर आणला. गाडी रात्रभर तापवलेली, चकती बाजारातून आणलेल्या वेगळ्या रबराची कापून बसवलेली. रिकामी रेघ काढून पाहिली. सोळावं मिनिट आलं आणि गेलं. पेन हललं नाही. इतक्या दिवसांची वाट पाहिलेली ती सपाट रेघ एकदाची आली, आणि घारेभाऊंनी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. ते सुई भरत होते.

मी नळीशी बसले. ते कागदाशी. थेंब आत गेला.

तिसऱ्या मिनिटाला ओलं गवत. सहाव्याला काहीतरी दुधाळ. मग बराच वेळ काही नाही. आणि अकराव्या मिनिटाला तो आला. झाकण काढल्यावर पहिल्या वाफेबरोबर येतो तो. त्यात मोहर होता, आणि मोहराच्या पलीकडे काहीतरी उबदार, उन्हात भाजल्यासारखं. चार श्वासांपुरता आला. मी डोळे उघडले तर माझ्या डोळ्यांत पाणी, आणि ते गाव मी पाहिलेलंसुद्धा नव्हतं.

"आला!" मी ओरडले. "घारेभाऊ, आला!"

त्यांनी कागदावर वाकून पाहिलं. पेन अकरावं मिनिट ओलांडून सरळ चाललं होतं.

"कुटं?"

"आत्ता. आत्ताच येऊन गेला."

त्यांनी कागद उजेडात धरला. तिरपा करून पाहिला. मग गाडीकडे गेले. अठरा पाहिला, अठ्ठावीस पाहिला, बत्तीस पाहिला. तार पाहिली. सगळं ठीक होतं. रेघेवर आधीचे डोंगर होते, गवताचा होता, दुधाचा होता. अकराव्या मिनिटाला काही नव्हतं.

"कागद न्हाई बोलला," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं. काही वास इतके थोडे असतात की गाडीला ते कळतच नाहीत. नाकाला कळतात. अत्तरांत मी हे अनेकदा पाहिलं होतं, वहीत तशा नोंदी होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आसंल," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, पण ते पाहणं मला सोसवेना. "ताई, तुमी चांगल्या हायसा. पर माझी समजूत घालू नका. मीबी आईची घातलीती."

मी म्हटलं, "मग तपासा मला."

त्यांच्यातला फिटर जागा झाला. त्यांनी मावशींना त्यांच्या घरातला, कामशेतच्या बाजारचा साधा तांदूळ मूठभर आणायला पाठवलं. त्याचा तसाच अर्क काढला. तीन सारख्या कुप्या घेतल्या. एकीत नुसता ईथर, एकीत कामशेतचा तांदूळ, एकीत त्यांचा. कुठल्या कुपीत काय हे त्यांनी मला सांगितलं नाही. माझी खुर्ची फिरवून पाठ गाडीकडे केली. मग कपाटातून रेल्वेतली जुनी हिरवी झेंडी काढून माझ्या हातात दिली.

"बोलू नका. आला, तर दावा."

त्या दिवशी धुकं अवेळी, दुपारीच आलं. खिडकीतली सोनकी आधी पिवळी दिसत होती, मग फिकी, मग नुसती असावी असं वाटण्याइतकी. मी नळीशी नाक लावून, मांडीवर झेंडी घेऊन बसले होते. मावशी दाराशी भिंतीला टेकून बसल्या होत्या. पहिली कुपी. अकरावं मिनिट आलं, गेलं. काही नाही. ही ईथरची असणार. गाडी निवायला वेळ लागला.

दुसरी कुपी. ओलं गवत. गोणपाट. दुधाळ. दहावं मिनिट. अकरावं. मी श्वास आत ओढला, पुन्हा ओढला. नव्हता. आणि मला भीती वाटायला लागली. हीच त्यांची कुपी असली तर? सकाळचा मला भास झाला असला तर? आता झेंडी वर केली, तर हा माणूस आज रात्री सुखाने झोपेल. करू का? माझा हात झेंडीवर घट्ट होता. बारावं मिनिट लागलं. मी झेंडी मांडीवरच ठेवली.

तिसरी कुपी.

गवत आलं. दूध आलं. मग ती लांब मोकळी जागा, जिच्यात काहीच येत नाही. पंपाची घरघर ऐकत मी डोळे मिटले. आणि अकराव्या मिनिटाला मोहर आला, त्यामागून तीच ऊब, आणि मी काही ठरवायच्या आत माझा हात वर गेला होता.

झेंडी वर धरून मी तशीच बसून राहिले. चार श्वासांनी वास सरला तेव्हा मी वळून पाहिलं.

घारेभाऊ ताठ उभे होते. आगगाडीचा शेवटचा डबा पुढे जाईपर्यंत रुळांच्या कडेला रेल्वेची माणसं उभी राहतात, तसे. माझ्या झेंडीकडे बघत होते. मावशींनी पदर तोंडाला लावला होता.

मग त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला. त्या खोलीत त्यांचा उघडा हात मी पहिल्यांदाच पाहिला. ते व्हरांड्यात गेले आणि साहेबांची ती राहिलेली पेन्सिल घेऊन आले. कागदावर वाकले. अकराव्या मिनिटाला, त्या सपाट रेघेवर, त्यांनी हाताने एक डोंगर काढला. गाडी काढते तसा टोकदार नव्हता. पवनेकडचे असतात तसा, पसरट, सावकाश चढणारा आणि सावकाश उतरणारा. काढताना त्यांची जीभ दातांत होती.

डोंगराखाली त्यांनी अक्षर जुळवत एकच शब्द लिहिला, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

'आला.'